पाटीलबाबा आणि ब्रजनिधी

तलवार, मसलत आणि लेखणी ही तीन साधने एकाच हाताला वश होणे ही विरळा गोष्ट आहे. तलवारबहादुराला मसलत साधतेच असे नाही. ज्याला या दोन्ही साधल्या त्याला लिहावयास उसंत मिळत नाही. आणि ज्याला लिहिता येते तो बहुधा पहिल्या दोहोंपासून दूर राहण्यातच शहाणपण मानतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंड देशात या तिन्ही वाटा चालून गेलेला एक पुरुष झाला. यूल्यान उर्सिन न्येम्त्सेविच हे त्याचे नाव. १७५८ साली तो जन्मला. देशाच्या प्रतिनिधिसभेत तो निवडून आला, आणि राज्यसुधारणेचा वाद ऐन भरात असताना त्याच विषयावर त्याने एक नाटक लिहिले. ते १७९१ च्या आरंभी वॉर्सात रंगभूमीवर आले. १७९४ च्या उठावात तो सेनापती कोश्चुश्कोच्या दिमतीस राहिला, लढाईत जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला आणि दोन वर्षे सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यात बंदीत पडला. तो बंदीत असतानाच, १७९५ मध्ये, त्याचा देश तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतला. राज्य गेले, लेखणी राहिली. १८१६ साली त्याने आपल्या लोकांच्या इतिहासाची गीते प्रसिद्ध केली, आणि १८४१ मध्ये पॅरिस येथे परदेशी भूमीवर देह ठेवला.

हे चरित्र वाचीत असता असा पुरुष आपल्यांत कोण, हा प्रश्न आमच्या मनात सहजच उभा राहिला. उत्तरासाठी फार हिंडावे लागले नाही. न्येम्त्सेविच ज्या वर्षी रणात उतरला त्याच वर्षीच्या १२ फेब्रुवारीस पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजी शिंद्याने प्राण सोडला. तोही शिपाई, तोही मुत्सद्दी. आणि तोही लिहिता होता. मात्र पोलंडातील त्या गृहस्थाचे लिहिणे त्याच्या लोकांनी जपले आणि लढणे विसरले तरी चालेल असे मानले. आपण महादजीचे लढणे तेवढे जपले. त्याची पदे किती मराठी घरांत कोणी वाचली असतील, हे वाचकांनी आपल्याच घरी विचारून पाहावे.

हे आम्ही जयपुरातील सोडाल्यात बसून लिहीत आहो. सोडाला ही पाहुण्याला मुद्दाम नेऊन दाखवावी अशी जागा नव्हे. जयपूर पाहावयास येणारा गुलाबी तटाच्या आत शिरतो. सोडाला तटाबाहेर, अजमेर रस्त्यावर पसरलेला आहे. येथून सांगानेरच्या बाजूस नवा रस्ता फुटतो, २०१५ पासून उंचावरून मेट्रो जाते, आणि खाली दुकाने, शिकवण्या, औषधालये व भाड्याची घरे यांची दाटी असते. आमच्यासारख्या बदलीवर आलेल्यांना अशीच वस्ती बरी पडते. येथे कोणी आपल्याला परका म्हणून न्याहाळीत नाही. पण ज्याला थोडाफार इतिहास ठाऊक आहे अशा मराठी माणसाला हा रस्ता निवांतपणे राहू देत नाही. तो असाच पुढे गेला की सुमारे तीस किलोमीटरवर बगरू लागते. बगरूच्या ठशांच्या छापील चादरी आज आमच्याही घरात अंथरलेल्या आहेत. ऑगस्ट १७४८ मध्ये त्याच बगरूपाशी मल्हारराव होळकराच्या फौजेने जयपूरच्या ईश्वरीसिंहाला नमविले होते.

त्या प्रकरणाचे मूळ घरगुती भाऊबंदकीत होते. सवाई जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीसाठी तंटा लागला. मराठे त्या तंट्यात पडले, आणि एकदा पडल्यावर खंडणीच्या हिशेबाने तेथेच गुंतून राहिले. डिसेंबर १७५० मध्ये थकलेली रक्कम वसूल करावयास फौज पुन्हा चालून आली, तेव्हा देण्यास जवळ पैसा नाही आणि लढण्यास माणूस नाही अशा स्थितीत ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीवन संपविले. त्याने आपल्या विजयाची खूण म्हणून बांधलेला उंच मनोरा, ईसरलाट, आजही त्रिपोलिया बाजारावर मान काढून उभा आहे. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोर येथे आहेत. ईश्वरीसिंहाची मात्र तेथे नाही, ती राजवाड्याच्या बागेच्या अंगाला एकटी आहे.

याच्या पुढची गोष्ट आमच्याकडच्या पुस्तकांत चार ओळींत येते आणि येथे मात्र लोकांच्या स्मरणात आहे. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील बरीच माणसे हे नवे, आखीव शहर पाहावयास आणि बाजारहाट करावयास तटाच्या आत गेली होती. दुपारी दरवाजे लागले आणि शहर त्यांच्यावर उठले. हजाराहून अधिक मराठे त्या दिवशी कापले गेले. छावणीत त्या वेळी जयाप्पा शिंदे होता, महादजीचा सावत्र भाऊ. त्रिपोलियाच्या बाजारात आम्ही प्रथम गेलो तेव्हा आमच्याही हातात पिशवी होती, आणि आम्हीही हे आखीव शहर पाहावयासच गेलो होतो.

गेल्या गणेशोत्सवात येथल्या मराठी मंडळींनी महादजीवर चार शब्द बोलावे असे आम्हांस सांगितले, तेव्हा हे सारे मनात होते. उत्सवाला आसपासचे जयपूरकरही येतात. आरतीला उभे राहतात, मोदक आवडीने खातात. त्यांच्यासमोर महादजी कोणता सांगावा? आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे पडले, की विषयच बदलावा. संत कोणताही घ्यावा, संतावर कोणी रागावत नाही. लेखा खात्यातील एक तरुण स्नेही उसळून म्हणाले, “आपल्या थोर पुरुषाचे नाव आपण परगावी दबक्या आवाजात घ्यावयाचे काय?” दोघांचेही खरे होते. सरकारी नोकरीत परप्रांती आयुष्य घालविणाऱ्यास हा पेच नवा नाही. आपल्या माणसाला मोठे म्हणावे तर शेजारी दुखावतो; म्हणू नये तर आपली मुले आपल्याच घरात पोरकी होतात.

मग आम्ही महादजी पुन्हा वाचावयास घेतला.

राणोजी शिंद्याचा हा मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नव्हे. त्यामुळे घरातील वडीलकीचा मान त्याला सुखासुखी मिळाला नाही. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरास दग्याने मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडीच्या घाटात पडला. आणि एका वर्षाने, १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात तुकोजी आणि जनकोजी दोघेही गेले. महादजीच्या पायावर घाव बसला. पाठलाग करणाऱ्याने त्याला रस्त्यात टाकले असता राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्याला आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. पाय जन्माचा अधू झाला. राणेखानाला महादजीने पुढे भाऊ म्हटले, आणि नुसते म्हटले नाही, आपल्या फौजेचा सरदार केले. एवढ्या कर्तृत्वानंतरही शिंद्यांची सरदारी त्याच्या नावे व्हावयास १७६८ साल उजाडावे लागले.

तेथून पुढचा क्रम वाचकांना ठाऊक आहे. १७७२ च्या आरंभी त्याने शहाआलम बादशहाला दिल्लीत आणून बसविले. १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांची कोंडी केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात तो मराठे आणि इंग्रज यांच्यामध्ये जामीन म्हणून उभा राहिला. १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्याला आणि त्याचे नायबपण महादजीला दिले. हिंदुस्थानच्या पातशाहीचा कारभार एका पाटलाच्या हाती आला; आणि तो स्वतःला पाटीलच म्हणवून घेत राहिला. कागदोपत्री तो पाटीलबाबा आहे. पदे चढत जावीत आणि नाव मात्र गावचेच राहावे, यात किती मुत्सद्देगिरी होती आणि किती खरेपणा, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. आम्हांस वाटते, परदेशी दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. जे नाव आईने हाक मारण्यास वापरले, ते टिकविण्यात त्याला डावपेच दिसत नाही. तेवढा एक धागा त्याला हवा असतो.

महादजीच्या लेखणीला दोन धारा होत्या. एक राजकारणाची. त्याच्या छावणीतून पुण्याकडे गेलेल्या पत्रांत पैशाची ओढ आहे, नाना फडणिसाविषयीची धुसफूस आहे, कोण फिरला आणि कोण फिरेल याची गणिते आहेत. ज्यांनी फायलींवर आयुष्य काढले आहे त्यांना ही भाषा घरची वाटेल. रकमेचा आकडा स्वच्छ असतो, आणि मनातली गोष्ट दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत असते. दुसरी धारा पदांची. तो कृष्णभक्त होता. मथुरेस त्याची छावणी दीर्घकाळ असे, आणि मराठीत तशीच हिंदीतही त्याने भक्तिपर रचना केली. बीडचे सूफी साधू मन्सूरशहा यांना तो गुरू मानी, आणि बादशहाकडून गोवधबंदीचे फर्मानही त्यानेच मिळविले. या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटली नाही.

त्याच्या काव्याविषयी परंपरेने चालत आलेली एक कथा आहे. कोकणातील बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ अंबिये उत्तरेस आले असता शिंद्यांच्या दरबारी त्यांची गाठ पडली. महादजीने आपली पदे त्यांना दाखविली. ज्याच्या एका शब्दावर दिल्लीचा कारभार हालत होता त्याच्या कवितेला वाहवा म्हणणे कोणालाही सोपे होते. सोहिरोबांनी वाहवा म्हटली नाही. तुझ्या दरबाराची आम्हांला गरज नाही असे सुनावून ते चालते झाले. कथेतील शब्दाशब्दाची ग्वाही कोणी देऊ नये. तरी ती टिकून राहिली यातच तिचा अर्थ आहे. दरबारात महादजीला भिणारे पुष्कळ होते. पदांच्या बाबतीत त्याला खरे सांगणारा एकजण भेटला, आणि लोकांनी त्या एकाचीच आठवण ठेवली.

आता ज्या लढाईमुळे येथे त्याचे नाव निघते तिच्याकडे वळू. जयपूरची थकलेली खंडणी वसूल करण्यास महादजी १७८७ मध्ये या मुलुखात उतरला. जोधपूरचे राठोड जयपूरच्या साह्यास आले. २८ जुलै रोजी जयपूरच्या आग्नेयेस, लालसोटच्या वाटेवर, तुंग्याच्या मैदानात गाठ पडली. रणात निकाल अर्धाच लागला. पुरता निकाल छावणीत लागला. महादजीच्या बाजूच्या बादशाही पलटणींचा पगार थकला होता. त्या तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या, आणि पाटीलबाबाला माघार घ्यावी लागली. जयपूर याला आपला विजय मानते, आणि ते वाजवी आहे. पुढच्याच वर्षी दिल्लीत गुलाम कादराने बादशहाचे डोळे काढले. शहाआलम स्वतः ‘आफताब’ या नावाने कविता करी. त्याच्या नावाने चालत आलेल्या फारसी शोककवितेत त्याने महादजीला आपला पुत्र म्हटले आहे. राणेखानाने दिल्ली परत घेतली. फ्रेंच पद्धतीने लढणाऱ्या द बॉयनच्या पलटणी उभ्या राहिल्या. आणि २० जून १७९० रोजी पाटणच्या लढाईत व त्याच वर्षी १० सप्टेंबरला मेडत्यास तुंग्याचे उट्टे निघाले.

तुंग्यास महादजीसमोर जो उभा होता त्याचे नाव सवाई प्रतापसिंह. १७६४ चा जन्म. गादीवर बसला तेव्हा पुरता चौदा वर्षांचाही नव्हता. तुंग्याच्या दिवशी बावीस वर्षांचा. महादजी त्या वेळी साठीच्या घरात होता. जयपूर पाहून गेलेल्या प्रत्येकाला प्रतापसिंह ठाऊक आहे, जरी नाव ठाऊक नसले तरी; १७९९ मध्ये हवामहल त्याने बांधविला. पण जयपूरकराला तो आणखी एका नावाने ठाऊक आहे. प्रतापसिंह कवी होता. राज्यकारभारातून उठून तो गोविंददेवाच्या सेवेत बसे आणि ब्रजभाषेत कृष्णाची पदे रची. त्या पदांखाली त्याची नाममुद्रा असे, ‘ब्रजनिधि’.

म्हणजे तुंग्याच्या मैदानात समोरासमोर ठाकलेले दोघेही एकाच देवाला आळवणारे कवी होते. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ज्या गोविंददेवापुढे प्रतापसिंह पदे गाई, तो मूळचा वृंदावनचा. आंबेरच्या राजा मानसिंहाने १५९० मध्ये त्याच्यासाठी तांबड्या दगडाचे प्रचंड मंदिर उठविले. औरंगजेबाच्या काळात पुजाऱ्यांनी मूर्ती तेथून हलविली, आणि मुक्काम करीत करीत ती जयपुरास येऊन स्थिरावली. महादजी मथुरा-वृंदावनात वावरला तेव्हा ते मंदिर मूळ मूर्तीविना उभे होते. देऊळ पाटीलबाबाच्या छावणीच्या बाजूस आणि देव ब्रजनिधीच्या राजवाड्यात, अशी ती वाटणी होती. आणि मधल्या मुलुखात खंडणीची बाकी.

येथे कोणी सुस्कारा टाकून म्हणेल, पाहा, भक्तीने वैर कसे मिटते! तसे म्हणावयास आम्ही तयार नाही, कारण वैर मिटले नाही. पदे रचणाऱ्या महादजीने वसुलीतील एक रुपया सोडला असे दिसत नाही, आणि पदे रचणाऱ्या प्रतापसिंहाने तोफेची वात विझविली नाही. पाटणचे रक्त तुंग्याच्या तीन वर्षांनंतरचे आहे. ज्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून दोन्ही फौजा गेल्या, त्याला दोन्ही बाजूंचे राजपुरुष कृष्णाचे कवी आहेत हे कळले असते तरी त्याचे धान्य परत आले नसते. मग त्या पदांची किंमत काय?

आम्हांस असे वाटते, की माणूस आपल्या पदाची कामे करतो तेव्हा तो त्या पदाचाच होऊन जातो. वकील-इ-मुतलकाचा नायब खंडणी मागणारच. जयपूरचा राजा ती नाकारणारच. त्यांच्या खुर्च्या त्यांच्याकडून बोलत होत्या. पण खुर्चीवरून उठल्यावर उरणारा जो माणूस असतो, त्याचा कागद वेगळा. महादजीने तो कागद कोरा ठेवला नाही, आणि प्रतापसिंहानेही नाही. त्या कागदावर एकाने दुसऱ्याची निंदा लिहिली नाही. दोघांनी तिसऱ्याचीच आळवणी केली. एवढ्याने इतिहास बदलत नाही. मात्र इतिहास वाचणाऱ्याला या दोघांना केवळ लुटारू आणि लुटलेला अशा दोन शब्दांत गुंडाळून ठेवता येत नाही. आम्हांस आमच्या मुलांना याहून अधिक काही द्यावयाचे नव्हते, आणि याहून कमीही नाही.

गणेशोत्सवात आम्ही हेच बोललो; हिंदीत बोललो, म्हणजे सर्वांना कळावे. ईश्वरीसिंहापासून आरंभ केला, कारण शेजाऱ्याचे दुःख आपण आधी सांगितले तर आपला अभिमान ऐकून घ्यावयास तो मोकळा होतो. जानेवारी १७५१ चा दिवसही गाळला नाही. मग पानिपत, राणेखान, दिल्ली, आणि शेवटी तुंगा. ब्रजनिधीचे नाव घेताच पुढच्या रांगेत बसलेले आमचे एक वृद्ध शेजारी, निवृत्त शिक्षक, सावरून बसले. कार्यक्रमानंतर जवळ येऊन म्हणाले, “रावसाहेब, ब्रजनिधीची पदे आमच्या आईला येत असत. तुमच्या पाटीलसाहेबांची पदे तुमच्याकडे कोणाला येतात?”

प्रश्नात टोमणा नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला. आमच्या मंडळींत पाटणचा दिनांक सांगणारे दोघे-तिघे निघाले, वानवडीची छत्री पाहिलेले पाच-सहा. पद एकालाही येत नव्हते. लेखा खात्यातील त्या तरुण स्नेह्यांनी दुसऱ्याच दिवशी पुण्यास पत्र घालून महादजीच्या कवितांचा शोध आरंभिला आहे. पुढच्या उत्सवात भाषण नको, त्याचे एखादे पद आणि ब्रजनिधीचे एखादे पद अशी दोन्ही एका बैठकीत गावी, असे आता ठरत आहे. ब्रजनिधीचे पद शिकविण्याचे मास्तरसाहेबांनी कबूल केले आहे; चाल त्यांना आईकडून आलेली आहे.

जून १७९२ मध्ये, बारा-एक वर्षांनी, महादजी पुण्यास परतला. पेशव्याच्या दरबारात तो सर्वांच्या खालच्या जागी बसला आणि धन्याचे जोडे जवळ घेऊन म्हणाला, की वडिलांपासून चालत आलेली चाकरी ती हीच. असे परंपरा सांगते. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच तो गेला. हिंदुस्थानात त्याने मिळविलेल्या अधिकारांपैकी बहुतेक पुढच्या दहा वर्षांत इंग्रजांनी काढून घेतले. १८०३ मध्ये दिल्ली गेली, आणि त्याच वर्षी प्रतापसिंहही वारला. न्येम्त्सेविचच्या देशाप्रमाणे आपलेही राज्य गेले. मात्र राज्य गेल्यावर पोलंडातील मुलांच्या तोंडी त्याची गीते होती. आपल्या पाटीलबाबाने मागे ठेवलेले तसले धन अजून कपाटात आहे. ते बाहेर काढण्याचे काम पुण्याने करावयाचे ते करोच. बगरूच्या रस्त्यावर भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही त्यात हात घालावयास हरकत नाही, कारण ती पदे रचिली गेली तीही घरापासून दूर, छावणीतच.